दादीच्या बांगड्यांचा पत्ता

मस्कतला गेलेल्या कोकणी माणसाला मतरहचा बाजार फारसा परका वाटत नाही. एका बाजूला बंदर, समुद्राकाठचा लांबलचक रस्ता, मागे काळे कातळाचे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत छपराखालच्या गल्ल्या. लोबानचा वास नाकात बसतो तो घरी गेल्यावरही कपड्यांतून जात नाही. दुकानदार निम्म्याहून अधिक हिंदी-उर्दू जाणणारे. कच्छी, मलबारी, बलोच, बंगाली, सगळे एका गल्लीत. बाजाराला लागूनच लवातियांची जुनी वस्ती आहे. तिथल्या जुन्या घरांत आजही सिंधी-कच्छीशी नाते सांगणारी बोली बोलतात. आपल्या किनाऱ्याचे लोक आणि हे बंदर यांचे येणे-जाणे विमानांच्या कितीतरी आधीचे.

आम्ही दोघे जानेवारीत मुलीकडे मस्कतला गेलो, तेव्हा आमच्याकडे एक काम होते. घरात दादीच्या चांदीच्या बांगड्यांची एक जोडी आहे. पुतणीचा निकाह ठरला होता आणि मोठ्या भाभींचे म्हणणे होते की ती जोडी मोडून नव्या पद्धतीचा सेट करावा. त्यांचे म्हणणे गैर नव्हते. बांगड्या जाड, जड, खडबडीत, आजच्या मुली घालणार नाहीत अशा. त्यातून सोनाराने टंच काढून सांगितले होते की चांदी हलकी आहे, 82 च येते, घट बरीच धरावी लागेल. धाकट्या भावाला मोड नको होती. आमच्या घरात बांगड्यांविषयी तीन गोष्टी चालत आलेल्या. कोणी म्हणे दादा हजला गेले तेव्हा मक्केहून आणल्या. कोणी म्हणे रत्नागिरीच्याच सोनाराने घडवल्या. आणि फुफी ठामपणे सांगत की मस्कतच्या आहेत, कारण दादा बी. आय. कंपनीच्या बोटीवर खलाशी होते आणि मुंबई, कराची, मस्कत, बसरा हा त्यांचा नेहमीचा रस्ता होता. त्या मार्गावरची शेवटची बोट ‘द्वारका’ 1982 पर्यंत चालत होती. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी तिच्यावरूनच पहिले आखात पाहिले.

बांगड्या आम्ही सोबत नेल्या नाहीत. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन आहे, आणि बांगड्यांचे वय ठाऊक नसताना विमानतळावर कोणाशी वाद घालणार? म्हणून फोटो काढले. वरून, आतून, कडेने, बिजागरीचे जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवली. वजनाची चिठ्ठी होतीच, कारण भाभी दर रमजानात जकातीच्या हिशेबाला सगळी चांदी तोलून ठेवतात: जोडी सव्वाचौदा तोळे.

मतरहमधल्या एका कच्छी दुकानदाराने आम्हाला बसवून घेतले. माणूस साठीचा, जन्म तिथलाच. आम्ही काही खरेदी करणार नाही हे त्याला पहिल्या मिनिटात कळले असावे, तरी इलायचीचा कहवा आला. फोटो बघण्याआधी त्याने काउंटरवर एक फडके पसरले आणि पेटीतून पाच बांगड्या काढून ठेवल्या. ‘‘गिऱ्हाइकाला या सगळ्या ओमानी,’’ तो हसून म्हणाला, ‘‘तुम्हाला खरे सांगतो.’’

पहिली राजस्थानची. काट्यांच्या रांगा असलेली, गोखरू नावाची. सराट्याच्या काटेरी फळालाही गोखरू म्हणतात, त्यावरून दागिन्याला नाव पडले. दुसरे कडे, मध्ये उघडे, दोन्ही टोकांना मगरीसारखे तोंड. ‘‘तोंड दिसले, प्राणी दिसला, की आधी हिंदुस्थान धरायचा,’’ तो म्हणाला. ओमानी कामात सहसा फुले, पाने, चौकटी, ठिपके येतात. जीव सहसा येत नाही. त्याने तेच कडे नखाने वाजवून दाखवले. आवाज बद्द आला. आत लाख भरलेली. पोकळ दागिन्यात लाख भरण्याची रीत आपल्याकडची. त्याने पत्रा चेपत नाही आणि दागिना भरीव भासतो.

तिसरी उंच, मनगटावर पट्ट्यासारखी बसणारी. चांदीवर सोन्याचे पाणी आणि अकीकचे लालसर खडे ओळीत. ही तुर्कमेनी, बिलेझिक म्हणतात. अफगाणिस्तानातून अशा वस्तू इकडे फार येतात. तिच्याबरोबर भटक्या कुची बायकांच्या म्हणून येणाऱ्या बांगड्याही असतात, त्यांत बऱ्याचदा जर्मन सिल्व्हर असते, म्हणजे नावातच चांदी. चौथी येमेनची. बारीक रव्याचे आणि तारेचे इतके नाजूक काम की चष्मा काढून डोळ्याजवळ न्यावी लागली. येमेनात हे काम बहुतेक यहुदी कारागिरांच्या हातात होते. 1949–50 मध्ये ते जवळजवळ सगळे देश सोडून गेले, तेव्हा तिथल्या चांदीकामाचा कणाच गेला. काही कारागीर आपल्या नावाचा ठसा मारत, त्यामुळे येमेनी जुन्या मालाला कधी कधी घडवणाऱ्याचे नावही सापडते. बाकीच्या पुष्कळ जुन्या चांदीवर ठसा मिळणे कठीण. म्हणून दुकानात कोणी ‘शंभर वर्षांची’ म्हणत 925 चा ठसा असलेली बांगडी पुढे केली, तर बहुधा ती परवाची.

पाचवी बांगडी आमच्या बांगड्यांची चुलत बहीण शोभली असती. जाड, वरून पिरॅमिडसारखे उंचवटे, दोन अर्धी बिजागरीने जोडलेली. ‘‘ही इथली,’’ तो म्हणाला. ‘‘हिला काय म्हणतात ठाऊक आहे? बंगरी.’’ आम्ही दोघे एकमेकांकडे बघायला लागलो. अरबीत ते जीमने लिहितात, बंजरी, अनेकवचन बनाजिर. पण ओमानच्या आतल्या गावांत जीमचा उच्चार ग होतो. म्हणजे आमची बांगडीच. शब्द आपल्या किनाऱ्यावरून गेला, दागिना त्यांनी आपला घडवला.

मग त्याने आमचे फोटो पाहिले आणि एकदम काही बोलला नाही. हे आम्हाला आवडले. फोटोवरून झटकन गाव सांगणाऱ्याचे फारसे ऐकू नये असे आमचे मत झाले आहे. त्याने विचारले, टंच किती? आम्ही थोडे ओशाळून सांगितले, 82. तो म्हणाला, ‘‘मग चांगलेच आहे की!’’ आणि गल्ल्यामागून एक मोठे चांदीचे नाणे काढून आमच्या हातावर ठेवले.

त्या नाण्याची गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा 1780 मध्ये वारली. तिच्या चेहऱ्याचा थालर अरबस्तानात आणि हबशी मुलखात लोकांना इतका पसंत पडला होता की दुसरे नाणे कोणी घेईना. म्हणून टांकसाळी पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षे तोच थालर पाडत राहिल्या, आणि प्रत्येकावर साल एकच, 1780. व्हिएन्नाने पाडला, पुढे लंडन, पॅरिस, रोमनेही पाडला, आणि 1940–41 मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही पाडला. वजन 28 ग्रॅमच्या किंचित वर, आणि चांदी हजारात 833. अरब त्याला रियाल फ्रान्सी म्हणत. 1970 मध्ये ओमानचे स्वतःचे चलन येईपर्यंत तो तिथे आपल्या रुपयाच्या जोडीने चालत होता. चांदीची खाण त्या मुलखात नव्हती असे समजा. होते ते हे नाणे. सोनाराकडे दागिना करायचा तर थालर घेऊन जायचे, त्याने ते वितळवायचे. तराजूत वजन म्हणूनही थालरच. त्यामुळे त्या काळातल्या ओमानी आणि येमेनी चांदीचा टंच फिरून फिरून 83 च्या आसपास येतो. डाख लावलेला असेल तर अर्धा-एक अंश खाली.

आपल्या सोनाराला जो दोष दिसला, तो इथे पत्ता ठरत होता. आपल्याकडे जुना दागिना बहुधा रुपये वितळवून होई. 1940 पूर्वीच्या रुपयात चांदी हजारात 917, म्हणजे टंच 91 ते 92. रत्नागिरीत घडवलेल्या बांगड्या असत्या तर त्या साधारण तिथे यायला हव्या होत्या. अर्थात नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. मिसळ करणारा सोनार जगात सगळीकडे असतो, आणि सोनाराच्या मुशीत कोणते तुकडे एकत्र झाले ते कोण सांगणार! पण सव्वाचौदा तोळे म्हणजे 166 ग्रॅम, आणि सहा थालरांचे वजन 168. एका बांगडीला तीन थालर, आणि वापराने झिजलेले दोन ग्रॅम. हिशेब जुळला म्हणून खरा झाला असे नाही, पण आम्ही तो कागदावर दोनदा मांडून पाहिला हे कबूल.

‘‘आता निज्वाला जा,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘तिथला म्हातारा फोटो बघून नाही, प्रश्न विचारून सांगतो.’’

निज्वा मस्कतहून गाडीने दोनेक तास. जावयाने जुम्याचा दिवस निवडला, कारण त्या सकाळी तिथे जनावरांचा बाजार भरतो. मालक बकऱ्यांना दोरीने धरून गोल फिरवतात, घेणारे मधे आणि कडेला बसून बोली लावतात, आणि कलकलाटात एखादी बकरी सुटून माणसांच्या पायांतून पळते. आपल्याकडे बकरी ईदच्या आधी जे दृश्य दिसते, ते इथे दर आठवड्याला. बाजाराच्या पाठीशी किल्ला. त्याचा प्रचंड गोल बुरूज इमाम सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकात उभारला. हे तेच यारुबी इमाम ज्यांनी 1650 मध्ये पोर्तुगीजांकडून मस्कत घेतले. खजुरांच्या बागांना पाणी पोचवणाऱ्या फलजांपैकी एक, फलज दारिस, इथलाच. 2006 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. आम्ही हात-तोंड धुतले ते त्याच्याच पाण्याने. जुम्याची नमाज झाली आणि मग दुपारी चांदीच्या गल्लीत गेलो.

निज्वा आणि जवळचे बहला ही चांदीकामाची जुनी गावे. खंजीर, बंदुकीच्या दस्त्याचे पत्रे, सुरमेदाण्या, आणि हिर्झ, म्हणजे कुरआनच्या आयती ठेवायची चांदीची पेटी, जी गळ्यात घालतात. आपल्या ताइताचीच ती जात. पायांतले वाळे पोकळ असतात आणि आत खडे टाकलेले, चालताना खुळखुळतात. नवरीला मेहरचा भाग म्हणून चांदी मिळे आणि ती सर्वस्वी तिची असे. अडीनडीला तीच विकायची. एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. बाई वारली की तिची चांदी बहुतेक वेळा वितळवली जाई आणि नव्या नवरीला नवे घडवले जाई. दुसरीचे वापरलेले कोणाला नको असे. म्हणून बाजारात ‘दोनशे वर्षांची’ बांगडी सांगणारे खूप भेटतात आणि खरोखर शंभर ओलांडलेली क्वचित. भाभी घरी करायला निघाल्या होत्या ते काही जगावेगळे नव्हतेच.

म्हाताऱ्यांनी फोटो दूर ठेवले. अरबीतून विचारले, जावयाने उलटे केले: बांगडी कोणाजवळ आहे? तिला बोलवा. तेव्हा रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावला. भाभींना आधी काही उमजेना; त्यांनी घाईघाईने डोक्यावर पदर घेतला, सलाम केला, आणि बांगड्या काढून आणल्या. मग सुरू झाली तपासणी.

आत बोट फिरवा, काय लागते? ‘‘गुळगुळीत आहे.’’ दोन्ही कडांपैकी कुठली झिजली आहे? भाभींनी चष्मा लावला. ‘‘एकच. एकाच बाजूची.’’ म्हणजे जोडी एकाच हातात नव्हे, दोन हातांत घातली जाई आणि कोपराच्या बाजूला दुसरे काही दागिने घासत होते. काचेच्या बांगड्या असतील. दादीच्या मनगटांवर हिरवा चुडा आम्हालाही आठवतो. उंचवट्यांची टोके चकचकीत आणि खाचांत काळे? हो. हे त्यांना महत्त्वाचे वाटले. हल्ली जुनेपणा आणायला गंधकाच्या पाण्यात बुडवतात, तेव्हा काळेपणा सारखाच चढतो, आणि वरवर पुसला तरी आतल्या बाजूला, जिथे हाताने घासून चमक यायला हवी, तिथेही काळे राहते. उंचवटे एकसारखे आहेत की थोडे थोडे वेगळे? भाभींनी मोजपट्टी आणली. एक ठेंगणा निघाला, दोन जरा तिरके. म्हातारे हसले. साच्यात ओतलेले असते तर सगळे जुळे निघाले असते. आणि ओतीव कामाला बारीक टोचल्यासारखी भोके असतात. हे उंचवटे एकेक घडवून डाखाने बसवलेले.

मग बिजागरी. खीळ बाहेर निघते का? निघाली. तिच्या वेटोळ्याशेजारी बांगडीवर एखादी छोटी कडी आहे का? भाभी म्हणाल्या नाही. पुन्हा बघा, म्हातारे म्हणाले, तुटलेली असेल. भाभी खिडकीशी गेल्या, बांगडी उजेडात धरली, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘अगं बाई, इथे ठिपक्याएवढा डाख आहे, काहीतरी होतं इथे.’’ म्हाताऱ्यांनी आपल्या पेटीतून एक जोडी काढून कॅमेऱ्यापुढे धरली. खीळ बारीक साखळीने अशाच एका कडीला बांधलेली होती, निघाली तरी हरवू नये म्हणून. उंचवट्यांची मांडणी तीच, कडेची वळवलेली तारही तीच.

‘‘इकडची आहे,’’ ते म्हणाले. ‘‘निज्वा की बहला, ते बांगडी हातात घेतल्याशिवाय सांगणार नाही. सूरची नाही, ढोफारचीही नाही. पण ती खीळ आमची नाही.’’

खीळ त्यांना पहिल्या नजरेतच खटकली होती. ती पेचाची होती, मळसूत्र पाडलेली, आणि तिच्या माथ्यावर छोटे कमळ. पेच इकडेही करतात, पण हे कमळ आणि ही बोंडाची घडण तुमच्या बाजूची, असे त्यांचे म्हणणे. भाभींनी पुढचे काम कोणी न सांगता केले. दुसऱ्या दिवशी सोनाराकडे जाऊन नुसत्या खिळीचा टंच काढून घेतला. 91 आला. म्हणजे कोणा कोकणी सोनाराने एक जुना रुपया वितळवून दादीला खीळ करून दिली होती. मक्केची गोष्ट त्यात कुठे बसत नाही. जेद्द्याच्या बाजारात ओमानी मालही विकला जात असेल, तेवढी फट आम्ही फुफीसमोर बोलून दाखवली नाही.

ज्यांच्या घरी अशी जुनी चांदी आहे त्यांना एवढे सांगावेसे वाटते की सोनाराकडे नेण्याआधी ती पॉलिश करू नका. खाचांतला काळेपणा आणि कडांची झीज हीच तिची कागदपत्रे, आणि ती ब्रशच्या दहा मिनिटांत जातात. वजन आणि टंच वेगवेगळ्या भागांचा घ्या, खीळ आणि कडी वेगळी. फोटो आतल्या बाजूचा आणि जोडांचा असू द्या. समोरचा देखणा फोटो ओळखीच्या कामाला सर्वांत कमी येतो. मस्कतला जाणे झालेच तर बैत अल झुबैर हे संग्रहालय बघा. एका घराण्याने 1998 मध्ये ते लोकांसाठी उघडले. तिथे प्रदेशाप्रदेशाची चांदी शेजारी शेजारी लावलेली आहे. दुकानदारांच्या गोष्टी ऐकण्याआधी तिथे एक तास घालवलेला बरा. आम्ही शेवटच्या दिवशी गेलो, आणि एका कपाटापुढे आमच्या बांगड्यांची धाकटी बहीण दिसली. साखळी शाबूत.

घरी पोचलो तेव्हा मोडीचा विषय भाभींनीच गुंडाळला होता. पुतणीच्या सेटसाठी त्यांनी तुटकी पैंजणे, दोन वाट्या आणि कोणाच्या तरी बारशाला मिळालेला डबा काढून ठेवला होता. ‘‘एवढ्यात होतंय,’’ म्हणाल्या. जोडी एकत्रच ठेवायची आणि घरातली ज्या मुलीचा निकाह असेल तिने त्या दिवशी घालायची, असे तिघा भावांत ठरले. धाकट्याने लगेच त्याचा वहीत लेख केला, कारण आमच्या घरात तोंडी ठरलेले टिकत नाही. बांगड्यांसोबत एक कागदही ठेवला आहे, वजन, टंच, आणि म्हाताऱ्यांनी जेवढे सांगितले तेवढेच, त्यात निज्वा किंवा बहला असे दोन्ही.

सोनाराने विचारले की ही विसंगत खीळ काढून दोन्ही बांगड्यांना सारख्या, नव्या घालून देऊ का. भाभी नको म्हणाल्या. तुटक्या कडीच्या जागी नवी कडी बसवून तीच खीळ बारीक साखळीने बांधून घेतली. निकाहाच्या दिवशी पुतणीने हात खाली केला की ती साखळी हलत होती.